परदेशवासाची सक्ती

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, बाल्टिमोर शहराला लागून असलेल्या टाऊसन या गावी, गाऊचर कॉलेज नावाची एक जुनी शिक्षणसंस्था आहे. १८८५ साली केवळ स्त्रियांसाठी निघालेल्या आणि सुमारे शंभर वर्षांनी पुरुषांनाही प्रवेश देऊ लागलेल्या या संस्थेने, २००६ साली दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांपासून, असा नियम अंमलात आणला की ज्याने एकदा तरी परदेशी जाऊन अभ्यास केलेला नाही त्याला पदवी मिळावयाची नाही. विद्यार्थी रसायनशास्त्राचा असो वा नृत्याचा, सुखवस्तू घरातला असो वा कर्ज काढून शिकणारा असो, नियम सर्वांना सारखाच लागू. मात्र नियमाबरोबरच प्रत्येकाच्या खर्चासाठी निदान बाराशे डॉलर आपल्या तिजोरीतून देण्याची तजवीजही संस्थेने केली. त्या वेळचे कॉलेजचे अध्यक्ष सॅनफर्ड उंगर हे मूळचे पत्रकार. अमेरिकन माणसाची बाहेरच्या जगाशी ओळख फार थोडी आहे आणि परदेशातील अध्ययन हा त्यावरचा उपाय आहे, ही भूमिका त्यांनी पुढे लेखनातूनही आग्रहाने मांडली. कॅलिफोर्नियातील सोका विद्यापीठानेही परदेशातील एक सत्र पदवीचा अनिवार्य भाग ठरविले आहे.

बाल्टिमोरजवळच्या एका लहानशा कॉलेजाने केलेल्या नियमाचा खल मराठी वाचकाने का करावा, असे कोणी विचारील. परंतु हा नियम आपल्या दाराशी येण्यास आता फार अवकाश उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांशी संयुक्त व दुहेरी पदवीचे करार करण्यास रीतसर मुभा दिली. खाजगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ‘परदेशात एक सत्र’ हे आकर्षण ठळक टाइपात छापले जाते. आणि ज्या घरांत काही पिढ्यांपूर्वी समुद्रपर्यटनाच्या प्रायश्चित्ताची चर्चा होत असे, त्याच घरांत आज मुलगा परदेशी गेला नाही तर काही उणे राहिल्याची खंत व्यक्त होते. जे आकर्षण आहे ते उद्या अपेक्षा होते, आणि अपेक्षा परवा अट होते. तेव्हा ती अट लादली जाण्यापूर्वीच तिच्या न्याय्यतेचा विचार करून ठेवणे इष्ट.

सक्ती हा शब्द उच्चारताच स्वातंत्र्यप्रिय मनाला जो तिटकारा येतो, त्याच्या भरात सक्तीची खरी बाजू दृष्टिआड होण्याचा संभव असतो. म्हणून ती प्रथम नीट मांडली पाहिजे. जे ऐच्छिक असते ते व्यवहारात कोणाच्या वाट्याला जाते? करोनापूर्वीच्या २०१८-१९ या वर्षी अमेरिकेतून सुमारे तीन लाख सत्तेचाळीस हजार विद्यार्थी परदेशात शिकून आले. त्यांत दर दहांपैकी जवळजवळ सात गोरे होते, आणि हे प्रमाण तेथील महाविद्यालयांतील गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एकंदर प्रमाणाहून बरेच अधिक होते. दार सर्वांसाठी उघडे होते, यात शंका नाही. परंतु उघड्या दारातून आत जाण्यासाठी ज्याच्या घरी पूर्वी कोणी गेलेले आहे, ज्याला पारपत्राचा अर्ज कसा भरावा हे ठाऊक आहे, आणि ज्याची चार महिन्यांची अर्धवेळ नोकरी बुडाली तरी घरचे दूध बंद होत नाही, तोच सहजगत्या पुढे होतो. बाकीच्यांना कोणी अडविलेले नसते, पण कोणी हाक मारलेलीही नसते. नियमामुळे ती हाक प्रत्येकाच्या कानी पडते, आणि हाक मारणाऱ्या संस्थेला मग वाटखर्चाचीही काळजी वाहावी लागते.

आपल्याकडे तर या युक्तिवादाला आणखी एक धार आहे. महाविद्यालयात शिकविणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते की, ऐच्छिक अभ्याससहलीची नोटीस लागली म्हणजे मुलांची नावे त्याच दिवशी येतात आणि मुलींची नावे वडिलांच्या परवानगीपाशी अडतात; तीच सहल अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिला गुण आहेत, असे सांगितले की त्याच वडिलांची सही दुसऱ्या दिवशी मिळते. अशा ठिकाणी सक्ती मुलीवर नसतेच. ती वडिलांच्या नकारावर असते. महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ मध्ये ते सबंध बडोदे संस्थानास लागू केले. नामदार गोखल्यांनी १९११ साली त्याच धर्तीचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणले व पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. आणि राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते प्रत्यक्षात आणून दाखविले. या सर्व प्रयत्नांत सक्तीचा रोख दुर्बळावर नव्हता, दुर्बळाला शाळेपासून दूर ठेवणाऱ्या परिस्थितीवर होता. परंतु त्याचबरोबर हेही लक्षात ठेवले पाहिजे की करवीरच्या कायद्यात ‘सक्तीचे’ या शब्दाच्या शेजारी ‘मोफत’ हा शब्द उभा होता, आणि या दोघांपैकी एकाला वगळून दुसऱ्याला ठेवण्याचा विचार शाहू महाराजांच्या मनाला शिवलाही नाही. ज्या राज्याने मुलाला शाळेत येण्याचा हुकूम करावयाचा, त्यानेच शाळा बांधावी, मास्तर नेमावा आणि फी माफ करावी, ही त्या कायद्याची नैतिक बैठक होती. परदेशवासाच्या सक्तीला मी हीच कसोटी लावू इच्छितो.

परंतु त्याआधी, ज्या वस्तूची सक्ती करावयाची ती वस्तू काय आहे हे पाहिले पाहिजे. परदेशी राहिल्याने विद्यार्थ्याला नेमके काय मिळते? माहिती मिळते म्हणावे, तर ती ग्रंथालयात अधिक मिळते. खरा लाभ निराळा आहे. जन्मापासून ज्या समाजात आपले स्थान ठरलेले असते, त्यातून उचलून माणूस अशा ठिकाणी ठेवला जातो, की जेथे त्याच्या आडनावाला अर्थ नाही, आणि मग आपण ज्याला निसर्गक्रम समजत होतो तो केवळ आपल्या गावचा रिवाज होता हे त्याच्या बुद्धीलाच नव्हे तर अंगालाही कळते. याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरू, अमर्याद ग्रंथ, आणि ज्याच्या स्पर्शाने कोणी दचकत नाही असे शहर, यांनी त्यांना काय दिले ते त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत नोंदविले आहे: अमेरिका व युरोपमधील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पुसली गेली होती. आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यास रुजू झाल्यावर, राहावयास जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेचा आश्रय घेतलेल्या या विद्वानाला काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले, तेव्हा ती जाणीव त्यांच्यावर पुन्हा लादली गेली. परदेशवासाची चर्चा करणारे बहुधा जाणाऱ्याच्या तयारीविषयी बोलतात. ज्या देशात तो परत यावयाचा त्या देशाची त्याला सामावून घेण्याची तयारी किती, हा प्रश्न तितकाच मूलगामी आहे, आणि तो सक्तीच्या नियमाने सुटत नाही.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे, आणि मला ते या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक वाटते. गोव्यातील साखवाळ गावचा, शालेय शिक्षण जेमतेम झालेला हा तरुण, बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मूळ ग्रंथांतून मिळवावे या एकाच ध्यासाने १८९९ मध्ये घराबाहेर पडला. पुण्यात संस्कृताचा आरंभ करून काशीला अन्नछत्रात जेवत त्याने ते अध्ययन पुढे नेले. तेथून नेपाळात गेला, आणि तेथील बौद्धधर्माची अवस्था पाहून निराश होऊन, पाली भाषा जेथे जिवंत परंपरेने शिकविली जाते त्या सिलोनात पोचला. पुढे ब्रह्मदेश झाला, आणि १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी त्यांना अमेरिकेस बोलावून घेतले. या प्रवासाची किंमत केवळ त्यांनीच दिली असे नाही. घरी लहान मुलीला घेऊन राहिलेल्या बाळाबाईंनीही ती दिली, आणि थोरांच्या ज्ञानयात्रांचे गोडवे गाताना हा भाग गाळण्याची आपली सवय मला योग्य वाटत नाही. पण येथे मुद्दा असा की, कोसंबींचा प्रत्येक मुक्काम त्यांच्या प्रश्नाने ठरविला. प्रश्न आधी होता, देश नंतर आला. नेपाळात उत्तर नाही असे दिसताच त्यांनी नेपाळ सोडला. ज्या विद्यार्थ्याला असा प्रश्न पडलेला आहे त्याला सक्तीची गरज नाही, त्याला हवा असतो तो पाथेयाचा आधार. आणि ज्याला प्रश्नच पडलेला नाही, त्याला देशांतर घडविल्याने प्रश्न पडेलच, अशी खात्री देता येत नाही. कधी कधी पडतो, हेही नाकारता येत नाही.

ही ‘कधी कधी’ची शक्यता किती, हे मुक्कामाच्या मुदतीवर फार अवलंबून असते. अमेरिकन महाविद्यालयीन परदेशवासाची परंपरा ज्या प्रयोगापासून मोजतात, तो डेलावेअर विद्यापीठाचा १९२३ सालचा प्रयोग होता. रेमंड कर्कब्राइड नावाच्या, पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या तरुण प्राध्यापकाने आठ विद्यार्थ्यांना फ्रान्सला नेले. प्रथम नान्सी येथे त्यांच्याकडून भाषेची तयारी करून घेतली, मग त्यांना पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये बसविले, आणि त्यांची राहण्याची व्यवस्था फ्रेंच कुटुंबांत केली. सबंध एक वर्षाचा हा मुक्काम. आज अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीपुरते, अथवा आठ आठवड्यांच्या आत परतणारे असतात; खुद्द गाऊचर कॉलेजातही आपल्याच प्राध्यापकाबरोबर तीन आठवड्यांचा दौरा करून नियमाची पूर्तता करता येत असे. तीन आठवड्यांत आपल्याच सोबत्यांच्या घोळक्यात, आपल्याच भाषेत बोलत हिंडणारा विद्यार्थी परका होतच नाही. परकेपणा अंगावर येण्याआधीच परतीचे विमान आलेले असते.

हा ऱ्हास अपघाताने झालेला नाही. सक्तीच्या नियमाचा तो स्वभाव आहे. जी अट प्रत्येकाने पुरी करावयाची, ती प्रत्येकाला पुरी करता येईल इतकी खाली आणावीच लागते, आणि एकदा खाली आली की जे अधिक करू शकले असते तेही तेवढ्यावर थांबतात. आपल्या विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचे काय झाले ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००३ च्या सुमारास हा विषय पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला. हेतू उदात्त होता. अभ्यासक्रमात नदीकाठी, माळरानावर, शेतात जाऊन पाहण्याचीही योजना होती. त्यातून निर्माण झाल्या त्या एकमेकांवरून उतरविलेल्या प्रकल्पवह्या, आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारे अहवाल. नदी जेथे होती तेथेच राहिली. ज्या व्यवस्थेत गावाबाहेरच्या ओढ्याची भेट कागदावर उरकली जाते, त्या व्यवस्थेत लिस्बनची वा लाइपझिगची भेट कागदावर उरकण्यास वेळ लागणार नाही. फरक इतकाच, की तो कागद काही लाखांना पडेल.

याहूनही गंभीर अशी एक हरकत आहे, आणि अमेरिकन लेखक तिच्याकडे सहसा वळत नाहीत, कारण त्यांच्या हातातील पारपत्राला बहुतेक सीमा अदबीने वाट देतात. भारतीय विद्यार्थ्याची गोष्ट तशी नाही. त्याने चार वर्षे अभ्यास केला, सर्व परीक्षा उत्तम रीतीने दिल्या, आणि पदवीसाठी परदेशातील एक सत्र तेवढे उरले. अशा वेळी मुंबईतील एखाद्या वकिलातीच्या खिडकीपलीकडील अधिकाऱ्याने, वडिलांच्या बँकखात्यावर नजर टाकून, कारण न देता त्याचा अर्ज नामंजूर केला, तर त्या पदवीचे काय व्हावे? विद्यापीठाची सनद विद्यापीठाने द्यावयाची. तिच्यावरचा अखेरचा शिक्का परराष्ट्राच्या वकिलातीत ठेवणे म्हणजे आपल्या परीक्षकमंडळात असा एक परीक्षक नेमणे, की जो उत्तरपत्रिका वाचत नाही आणि ज्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. त्यातही त्याची कठोरता सर्वांवर सारखी पडत नाही. जमीन, घर, ठेवी दाखविणाऱ्याला ती सौम्य असते आणि भूमिहीनाच्या मुलाला कडक. म्हणजे ज्या समतेसाठी सक्ती आणावयाची, ती समता या खिडकीशी येऊन संपते. अमेरिकेतही, बालपणी आईबापांबरोबर कागदपत्रांशिवाय आलेल्या आणि तेथेच वाढलेल्या विद्यार्थ्यांना देश सोडला तर परत येण्याची शाश्वती नसते. त्यांच्यासाठी सक्तीचा परदेशवास हा हद्दपारीच्या शेजारचा प्रकार ठरेल. आणि २०२०-२१ मध्ये, साथीमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा, अमेरिकेतून बाहेर गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या साडेचौदा हजारांवर आली होती. जी अट पुरी करणे विद्यार्थ्याच्याही हाती नाही आणि संस्थेच्याही हाती नाही, ती पदवीची अट होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा हिशेब थोडक्यात आटोपता येतो. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार भारतात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या चार कोटी तेहतीस लाख होती. यांतील प्रत्येकाला आपल्या शिक्षणकाळात एकदाच बाहेर धाडावयाचे म्हटले, तरी ढोबळ मानाने वर्षाला एक कोटी विद्यार्थी निघतील; विमानभाडे, राहणे, जेवण व शुल्क मिळून माणशी दोन लाख रुपये हा अगदी हातचा राखून केलेला अंदाज धरला, तरी रक्कम दोन लाख कोटींवर जाते. केंद्र सरकारचा शाळा आणि महाविद्यालये मिळून २०२५-२६ चा एकंदर शिक्षणखर्च एक लाख अठ्ठावीस हजार कोटींच्या घरात आहे. तेव्हा ‘मोफत’ हा शब्द येथे उच्चारताच येत नाही, आणि जेथे तो उच्चारता येत नाही तेथे ‘सक्ती’ हा शब्दही उच्चारू नये. एखादे धनाढ्य खाजगी विद्यापीठ ही सक्ती करीलही. पण खर्च शुल्कात मिसळून तो पालकांच्याच माथी मारणार असेल, तर तो नियम शिक्षणाचा राहत नाही, ते प्रवेशद्वारावरचे कुंपण होते. गाऊचर कॉलेजाने निदान काही भार स्वतः उचलला. तो पुरेसा होता की नाही हा वाद वेगळा, परंतु हुकूम करणाऱ्याने खर्चात वाटा उचलावा हा न्याय त्यांना मान्य होता.

मग सक्ती नकोच काय? सक्ती हवी, पण तिची दिशा बदलली पाहिजे, असे मला म्हणावयाचे आहे. ती विद्यार्थ्यावर नसून संस्थांवर आणि सरकारवर असली पाहिजे. युरोपने हा मार्ग दाखविला आहे. इरॅस्मस नावाची तेथील योजना १९८७ साली अकरा देशांतील सुमारे तीन हजार दोनशे विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, आणि आज तिचा लाभ घेतलेल्यांची संख्या कोटीच्या पुढे गेली आहे. योजना पूर्णतः ऐच्छिक. तरीही ती इतकी पसरली, याचे श्रेय केवळ अनुदानाला नाही. त्याहून अधिक ते एका रुक्ष, कारकुनी वाटणाऱ्या सुधारणेला आहे. बोलोन्यात पुरा केलेला अभ्यास लूव्हेनने आपला मानावा, विद्यार्थ्याचे वर्ष फुकट जाऊ नये, यासाठी त्यांनी श्रेयांकांची एक सामाईक पद्धत बसविली आणि विद्यापीठांना ती पाळावयास लावली. बंधन पडले ते विद्यापीठांच्या दफ्तरावर, आणि मोकळा झाला तो विद्यार्थी. त्या योजनेतही सुस्थित घरांतील मुलेच अधिक जातात ही तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय गरीब विद्यार्थ्याला अधिक अनुदान देण्याचा आहे, त्याची पदवी अडविण्याचा नाही.

आपली स्थिती या कसोटीवर पाहिली तर मन खिन्न होते. नागपूरचा विद्यार्थी पुण्यास येतो तेव्हा त्याला स्थलांतराचा दाखला लागतो, पात्रतेचे प्रमाणपत्र लागते, प्रसंगी समकक्षतेचा अर्ज करून महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. एकाच राज्याच्या एकाच कायद्याखालील दोन विद्यापीठे एकमेकांच्या अभ्यासाकडे परक्या मुलखातल्या नाण्याप्रमाणे पाहतात. श्रेयांक साठविण्याची राष्ट्रीय पेढी २०२१ पासून कागदावर आली आहे, हे चांगलेच झाले. पण साठविलेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठाच्या खिडकीवर बिनतक्रार वटले पाहिजेत. ज्यांना चंद्रपूर ते कोल्हापूर हा प्रवास विद्यार्थ्यासाठी सुकर करता आलेला नाही, त्यांनी त्याला समुद्रापार जाण्याचा हुकूम काढणे अप्रस्तुत आहे.

आणि येथेच मला एका सक्तीचा पुरस्कार करावासा वाटतो, जी आपल्या आवाक्यातली आहे. पदवीच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने एक सत्र परभाषिक राज्यातील महाविद्यालयात काढावे, आणि त्याचा प्रवास, वसतिगृह व भोजन यांचा खर्च सरकारने करावा. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. परंतु त्या जोडीचे स्वरूप आजवर बव्हंशी शिष्टमंडळे, नृत्ये आणि खाद्यमहोत्सव यांपुरते राहिले आहे. त्याऐवजी साताऱ्याची मुलगी कटकच्या रेव्हेन्शॉ विद्यापीठात पाच महिने राहिली, तर पहिल्या दिवशी दुकानावरची पाटी तिला वाचता येणार नाही, बसवाल्याचे बोलणे कळणार नाही, वर्गात आपल्याकडच्या शिवकालाचा धडा चार ओळींत संपलेला आणि आपण कधी न ऐकलेल्या गजपती राजांचा धडा आठवडाभर चाललेला तिला दिसेल. मराठी सरदारांनी अठराव्या शतकात ज्या ओडिशावर अंमल बसविला आणि ज्या बंगालवर स्वाऱ्या केल्या, तेथे त्या स्वाऱ्यांची आठवण कशी राहिली आहे, हेही तिला तेथल्याच लोकांच्या तोंडून ऐकावे लागेल. बंगालात बर्गींच्या, म्हणजे मराठी घोडेस्वारांच्या, नावाने मुलांना भीती घालीत, हे महाराष्ट्रातील किती पदवीधरांना ठाऊक आहे? आपल्या इतिहासाकडे ज्यांच्यावर तो घडला त्यांच्या बाजूने पाहणे, याहून मोठे शिक्षण पॅरिसही देऊ शकणार नाही. येथे कोणतीही वकिलात आडवी येत नाही. आजारी, अपंग, घरची जबाबदारी असलेले, ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून शिकणारे, यांच्यासाठी सवलती ठेवता येतील, कारण नियम करणारे आणि सवलत देणारे हात एकच असतील. खर्च येईल, मोठा येईल. पण तो रेल्वेच्या तिकिटाच्या आणि वसतिगृहाच्या भाषेत बोलणारा खर्च आहे, आणि बांधलेली वसतिगृहे येथेच राहतील.

परदेशवासाविषयी बोलताना आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते: त्याचा लाभ यजमानालाही होतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील काही महाविद्यालयांचे विद्यार्थी कित्येक दशके पुण्यात येऊन मराठी कुटुंबांत राहिले, मराठी शिकले. अमेरिकन अभ्यासक गेल ऑम्व्हेट प्रथम भारतात आल्या त्या विद्यार्थिदशेच्या उंबरठ्यावरच, १९६३ मध्ये. पुढे महात्मा फुल्यांच्या चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावला आपले घर केले. सत्यशोधक चळवळीचा अभ्यास आज ज्या पायावर उभा आहे त्यात त्यांचा वाटा किती आहे, हे अभ्यासकांस सांगावयास नको. आपण मात्र येणाऱ्यांची फिकीर करीत नाही: तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी बाहेर असताना, २०२१-२२ मध्ये आपल्याकडे शिकणाऱ्या परदेशीयांची संख्या सत्तेचाळीस हजारांच्या आत होती. नेपाळचा, नायजेरियाचा, अफगाणिस्तानचा जो विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेला आहे त्याला घरी जेवावयास बोलाविणारी कुटुंबे पुण्यात किती निघतील?

राहिला तो खरोखरच्या परदेशगमनाचा प्रश्न, ज्याला प्रश्न पडलेला आहे अशा विद्यार्थ्याचा. १८८३ साली आनंदीबाई जोशांना बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत उभे राहून आपण अमेरिकेस का जातो याची कैफियत द्यावी लागली होती. आज त्या प्रकारच्या विरोधाची जागा पैशाने घेतली आहे, आणि म्हणूनच सार्वजनिक शिष्यवृत्ती हा या विषयाचा गाभा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही योजनांनी, ज्यांच्या कुळात पूर्वी कोणी पदवीही घेतली नव्हती, अशा तरुणांना लंडन, न्यूयॉर्क, मेलबर्न दाखविले आहे. या जागा शेकड्यांत मोजण्याइतक्याच आहेत; त्या अनेक पटींनी वाढविल्या, आणि मंजुरी व हप्ता वेळेवर पोचविला, तर सक्तीने न साधणारे बरेच काही साधेल. परंतु २०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय खात्याने अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी असलेल्या या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळून टाकले. आपल्या देशाचा अभ्यास आपल्या देशातच करावा, असा त्याला आधार देण्यात आला. डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या मे महिन्यात कोलंबियात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जो निबंध वाचला, त्याचा विषय भारतातील जाती हा होता. त्या विषयाकडे दुरून, मानववंशशास्त्राच्या साधनांनी पाहण्याची मोकळीक त्यांना न्यूयॉर्कमध्ये मिळाली होती, आणि ती बडोद्याच्या खजिन्यातून दिलेल्या पैशाने मिळाली होती. एखाद्या ऊसतोडणी कामगाराच्या मुलीने आज त्याच विद्यापीठात ऊसतोडणीच्या उचल-पद्धतीवर संशोधन करावयाचे ठरविले, तर या अटीप्रमाणे तिचा अर्ज छाननीतच बाद होईल. परदेशवासाच्या सक्तीविषयी जे आस्थेने बोलतात त्यांनी आपले वजन प्रथम ही अट काढून टाकण्याकडे खर्च करावे.